खैरनार सरांची कोअर टीम

नोकरीत पैसा साठेल की नाही ते नशिबावर आहे, किस्से मात्र साठतातच. ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरच्या वायरी साठतात ना, तसे. कुणी ठेवल्या ते आठवत नाही, टाकवत नाहीत, आणि एक ओढायला जावं तर पाच गुंता होऊन बाहेर येतात. आमच्या जुन्या ऑफिसातली मंडळी आता चार दिशांना गेली. पण कधी गंगापूर रोडला चहाला भेटलो की पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "खैरनार सरांचं ते आठवतं का?" आणि मग चहा गार होतो.

नवीन माणसासाठी थोडं सांगते. आमची कंपनी यंत्रांच्या पडद्यांचं सॉफ्टवेअर करायची. कारखान्यात मशीनला टचस्क्रीन असतो ना, चालू, थांबा, किती माल निघाला, ते सगळं दाखवणारा? ते आमचं काम. त्यासाठी एक फ्रेमवर्क होतं. प्रोग्रॅम एकदा लिहायचा, मग तो विंडोजवर चालतो, लिनक्सवर चालतो, अँड्रॉइडवर चालतो. निदान तसं म्हणतात!

या फ्रेमवर्कमध्ये दोन प्रकारची मॉड्यूल्स. कोअर, म्हणजे ज्यांच्याशिवाय काही उभंच राहत नाही. आणि ऑप्शनल, म्हणजे चार्ट, आवाज, नकाशा, पडद्यावर उघडणारा कीबोर्ड असलं. लागलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. एवढं माहीत असलं की पुढचं सगळं कळतं. आम्हाला तर यापेक्षा बरंच जास्त माहीत होतं, तरी पुढचं कळलं नाही.

*

माझा इंटरव्ह्यू खैरनार सरांनी स्वतः घेतला. सर मूळचे सटाण्याकडचे. एरवी बोलणं अगदी शहरी, पण चिडले की अहिराणी बाहेर यायची. टेबलावर संगमरवरी गणपती, मागे भिंतीवर उडत्या गरुडाचं पोस्टर.

"कोअर मॉड्यूल म्हणजे काय आणि ऑप्शनल म्हणजे काय?" सरांनी विचारलं.

मी आदल्या दिवशी पाठ करून आले होते. धडाधड उत्तर दिलं. उदाहरणंसुद्धा दिली.

सर खुर्चीत मागे रेलले. "चूक!"

मी घाबरले.

"क्लायंट मागतो ते कोअर. आपण करतो ते ऑप्शनल!"

मी हसले. सरांना वाटलं, मुलगी हुशार आहे. नोकरी मिळाली. तो विनोद नव्हता, कंपनीचं धोरण होतं, हे मला फार नंतर कळलं.

*

पहिलंच मोठं काम मालेगावचं. यंत्रमागाची शेड होती, मालकांना सगळे भाईसाब म्हणायचे. धागा तुटला की पडद्यावर लाल खूण आणि सोबत अलार्म, असं ठरलं. आवाजाचं मॉड्यूल ऑप्शनल. पण ते सरांना भारी आवडलं होतं. कुठला आवाज ठेवायचा यावर आठवडाभर मीटिंगा झाल्या. शेवटी सरांनी बासरीसारखी एक गोड धून निवडली. "कामगाराला टेन्शन येता कामा नये," म्हणाले. ऑफिसात डेमो झाला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यातली बाई वर येऊन विचारून गेली, "कुणाची रिंगटोन आहे हो? छान आहे!"

मग आम्ही मालेगावला गेलो. मी, सर आणि गौतम पगारे. पगारे आमच्यातले सगळ्यात जुने. कंपनीच्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या तळाशी जो कोड होता, तो त्यांनी लिहिलेला.

शेडचं दार उघडलं आणि आवाज असा अंगावर आला की मी दोन पावलं मागे सरकले. शंभर लोहार एकदम कामाला बसल्यासारखा. भाईसाबांनी हातवारे करून मुद्दाम एक धागा तोडून दाखवला. पडद्यावर लाल खूण आली. बासरी वाजली असावी. आम्ही स्पीकरला कान लावले तरी कुणाला काही ऐकू आलं नाही!

बाहेर येऊन सरांनी विचारलं, "भाईसाब, इतक्या आवाजात कामगारांना ऐकायला काय येतं?"

भाईसाबांनी पानाची पिंक टाकली. "देखो साहब, इधर आदमी पहले बहरा होता है, फिर पक्का कारीगर होता है!"

सर मनापासून हसले. पगारे हसले नाहीत. गाडीत बसल्यावर चांदवडचा घाट येईपर्यंत ते आपल्याच कानात बोट घालून बघत होते.

*

पुढचं काम एका सरकारी खात्याचं. कुठलं ते जाऊ दे. पंपहाऊसचा पडदा करायचा होता आणि अट अशी की पडद्यावरची सगळी अक्षरं मराठीत पाहिजेत.

आता मराठी अक्षरं नीट जुळवून दाखवायला त्या फ्रेमवर्कमध्ये एक वेगळा भाग जोडावा लागायचा. तोही ऑप्शनलच. सरांनी पडद्याचं पॅनेल घेतलं स्वस्तातलं, त्याच्या मेमरीत जागा कमी. सर म्हणाले, "मराठी काढ. म्हणजे अक्षरं ठेव, पण ते जुळवाजुळवीचं काढ."

काढलं. डेमोच्या दिवशी पडद्यावर जे दिसलं ते बघवत नव्हतं. जोडाक्षरं फुटलेली. प्रत्येकाच्या पायाशी हलन्त लटकलेला. पहिल्या वेलांट्या अक्षराच्या आधी यायच्या त्या नंतर. 'स्थिती' हा शब्द तर अपघात झाल्यासारखा पडला होता.

खात्याचे मोठे साहेब चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. "हे मराठी आहे?"

"हो साहेब," सर म्हणाले. "फक्त नीट दिसायचं मॉड्यूल ऑप्शनल आहे."

मला वाटलं, आता झापणार. मनातून वाटत होतं, झापावंच. साहेबांनी चष्मा काढला. पुसला. म्हणाले, "मग कशाला त्रास? इंग्रजी करून टाका. ऑपरेटरला तसंही सवय असते."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काजूकतली आली. कागद पुढे सरकवले. साहेबांनी 'मराठीची अट पूर्ण' यापुढे सही केली.

सही मात्र मराठीत केली हं!

*

एके दिवशी सरांनी मॅनेजमेंटवरचा कुठला तरी व्हिडिओ बघितला आणि सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. "आजपासून आपल्याकडे कोअर टीम आणि सपोर्ट टीम. जसं फ्रेमवर्क, तशी कंपनी!"

कोअरमध्ये सरांचा भाचा तेजस. पुण्याहून आला होता, इंग्रजी फाडफाड. कोअरमध्ये मी, कारण मी समोर बसायचे आणि मान हलवायचे. सपोर्टमध्ये रूपाली, आमची टेस्टर. पंचवटीतून स्कूटीवर यायची, आणि तिच्या नजरेतून चूक सुटायची नाही, म्हणून कुणाची लाडकी नव्हती. आणि सपोर्टमध्ये पगारे!

कुणीतरी धीर करून विचारलं, "सर, पगारे सपोर्टमध्ये?"

"त्यांचं काम छान आहे," सर म्हणाले. "पण क्लायंटसमोर... म्हणजे कळतं ना, प्रेझेंटेशन."

आम्हाला कळलं. पगारेंना तर आमच्या आधी कळलं असणार. त्यांना आयुष्यात हे वेगवेगळ्या शब्दांत बरेचदा कळलेलं होतं. ते फक्त म्हणाले, "बरं," आणि जागेवर जाऊन बसले.

कोअर टीमचा फोटो काढून भिंतीवर गरुडाशेजारी लावला. फोटो चांगला यावा म्हणून कॅमेरा कुणाच्या हातात दिला? पगारेंच्या!

त्याच वर्षी दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा झाली. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, सगळं साग्रसंगीत. पगारे आपले लांब खिडकीशी उभे. सर मोठ्यानं म्हणाले, "या ना पगारे! का, तुमच्यात चालत नाही?"

कुणी मोबाइल बघायला लागलं, कुणी झेंडू नीट करायला.

पगारे हलक्या आवाजात म्हणाले, "पूजा तुम्ही करा सर. उद्या यूएसबीच्या खाचेतून कुंकू काढायला मी आहेच!"

आणि दुसऱ्या दिवशी खरंच, तेजसनं सकाळी सकाळी हाक मारली, "पगारे, पेन ड्राइव्ह जात नाहीये!"

*

बाहेरच्या देशातल्या एका क्लायंटबरोबर व्हिडिओ कॉल होता. सर मधे, बाजूला तेजस. पगारे टेबलाच्या कडेला, कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेतानं. तो गोरा माणूस भराभर प्रश्न विचारायचा. तेजस म्हणायचा, "ग्रेट क्वेश्चन!" आणि थांबायचा. तेवढ्यात पगारे चॅटमध्ये उत्तर टाइप करायचे. उत्तर कंपनीच्या नावानं जायचं.

असं बराच वेळ चाललं. 'ग्रेट क्वेश्चन', मग खटखट, मग उत्तर.

शेवटी तो माणूस हसून म्हणाला, "तेजस, तुझा फार आभारी आहे. आता जो टाइप करतोय त्याच्याशी बोलू का?"

तेजसनं मामाकडे बघितलं. पगारेंनी खुर्ची किंचित पुढे ओढली. मी तो आवाज ऐकला, फरशीवर खुर्चीचा. शर्टाची कॉलरही त्यांनी नीट केली.

सरांनी लॅपटॉपचं झाकण लावलं.

"नेट गेलं," म्हणाले.

*

तेजसनं एका शुक्रवारी फ्रेमवर्कचं नवीन व्हर्जन घेतलं. 'आपण लेटेस्टवर आहोत' अशी पोस्टही टाकली. नव्या व्हर्जनमध्ये कोअर सगळं होतं. ऑप्शनल मॉड्यूल्सपैकी काही मात्र अजून आलीच नव्हती. त्यात आलेखाचं, म्हणजे चार्टचं, एक. पगारेंनी सांगून बघितलं. तेजस म्हणाला, "ऑप्शनलच आहे ना!" आणि क्लायंटच्या पडद्यांवर ते चढवूनही दिलं.

सोमवारी येवल्याहून आहेरतात्यांचा फोन. तात्या कांद्याचे व्यापारी. त्यांच्याकडे कांदा आकाराप्रमाणे निवडणारं मशीन होतं आणि त्यावर आमचा पडदा. मोठा किती, मध्यम किती, बारकी गोल्टी किती, ते आलेखात दिसायचं. फोन मी उचलला.

"म्याडम, ढीग समोर हाय, गडी समोर हाय, पर पडद्यावर कांदा नाय!"

मी सरांकडे फोन दिला. सरांनी माउथपीसवर हात ठेवला, तेजसकडे बघून "हाई काय शे?" असं दातओठ खाऊन विचारलं, आणि लगेच फोनवर मधाळ आवाज काढला. "तात्या, ते नवीन डिझाइन आहे. जगात आता हाच ट्रेंड आहे. क्लीन लुक! स्वच्छ!"

पलीकडून तात्यांचा आवाज अख्ख्या ऑफिसनं ऐकला.

"स्वच्छ? लय स्वच्छ हाय! काहीच नाय त्यात!"

*

माझाही एक किस्सा आहे. कोअर टीममध्ये आल्यापासून माझ्या सुट्ट्या बंद झाल्या. धाकट्या बहिणीच्या हळदीला मी लॅपटॉप घेऊन बसले होते. कीबोर्डवर अजूनही एका जागी पिवळा डाग आहे. सर म्हणायचे, "कोअर मॉड्यूल बंद ठेवून चालतं का?" मला त्याचा अभिमान वाटायचा, काय सांगू.

मग एकदा हिंमत करून पगारवाढीचं विचारलं. म्हटलं, सर, आता मी कोअरमध्ये आहे.

सरांना फार आनंद झाला. जणू मीच त्यांच्यासाठी मुद्दा काढून दिला होता.

"मनीषा, तू फ्रेमवर्कचं लायसन्स वाचलंस ना? कोअर फुकट असतं गं! पैसे लागतात ते ऑप्शनलला!"

*

पगारेंनी राजीनामा दिला तेव्हा सरांनी एकदाही थांबवलं नाही. निरोप समारंभ मात्र केला. सामोसे, वेफर्स. भाषणात सर म्हणाले, पगारे म्हणजे कंपनीचा पाया. पाया दिसत नाही, वगैरे. भिंतीवरच्या कोअर टीमच्या फोटोखाली उभं राहून म्हणाले!

मग कागदात गुंडाळलेली भेट दिली. पगारेंनी उघडली. बुद्धमूर्ती. चांगली होती, पांढरी, डोळे मिटलेली.

"मुद्दाम शोधून आणली," सर म्हणाले. "म्हटलं, पगारेंना त्यांचेच देव द्यावेत."

पगारेंनी मूर्ती दोन्ही हातांत धरली. मग पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"देव नव्हते सर ते. राजवाडा सोडून निघून गेलेले होते. हे तर नुसतं ऑफिस आहे!"

*

आता रूपालीचं सांगते.

अंबडच्या एका कारखान्यासाठी आम्ही प्रेस मशीनचा पडदा केला होता. पत्रा ठोकून आकार द्यायचं मशीन. पाळी सुरू झाली की ऑपरेटरनं पडद्यावर जॉब नंबर टाकायचा, त्यासाठी खालून कीबोर्ड वर सरकत यायचा. ऑफिसातल्या मोठ्या मॉनिटरवर सगळं सुरेख दिसायचं. रूपालीनं मात्र कारखान्यात जातो तसलं छोटं पॅनेल हट्टानं मागून घेतलं आणि त्यावर चालवून बघितलं. छोट्या पडद्यावर कीबोर्ड आला की 'थांबा'चं बटण त्याच्याखाली झाकलं जायचं.

तिनं मीटिंगमध्ये पॅनेल सगळ्यांसमोर धरून दाखवलं. "सर, हे असं जाऊ देऊ नका."

सर म्हणाले, "अगं, कीबोर्ड ऑप्शनल मॉड्यूल आहे. म्हणजे बगसुद्धा ऑप्शनल!"

हशा झाला. चहा आला. पुढचा विषय सुरू झाला.

त्या कारखान्यात सोपान गावित नावाचा माणूस होता. पेठकडचा, ठेकेदाराकडून कामाला. एके दिवशी त्यानं जॉब नंबर टाकला आणि कीबोर्ड तसाच उघडा राहिला. मशीन चालू झालं. पत्रा अडकला, तो सरळ करताना हातमोजा आत ओढला गेला. मशीनला खरंखुरं लाल बटण असतं, पण सारखं चुकून दाबलं जातं म्हणून कारखान्यानं त्याची वायर काढून ठेवली होती. सोपाननं दुसऱ्या हातानं पडद्यावर 'थांबा' शोधलं. तिथं कीबोर्ड होता.

उजव्या हाताची बोटं गेली.

कारखान्याचे लोक आमच्याकडे चौकशीला आले. सर म्हणाले, "पडदा शंभर टक्के ठीक आहे. ऑपरेटरनं बटण दाबलंच नाही. ह्याला आमच्या भाषेत युजर एरर म्हणतात." त्या लोकांनाही तेच हवं होतं. माना हलल्या.

रूपाली कोपऱ्यात बसली होती. उठून उभी राहिली.

"बटण दिसतच नव्हतं," ती म्हणाली. "आणि लाल बटणाची वायर तुम्ही काढली होती."

सर त्या लोकांकडे वळून हसले. "ती टेस्टर आहे. तिला टेक्निकल कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपालीचं कार्ड दाराला लागेना. ती बाहेर जिन्यात उभी राहून कार्ड पुन्हा पुन्हा लावत होती. मला वाटलं मशीन बिघडलं, म्हणून मी आतून दार उघडायला गेले. तर रिसेप्शनच्या मुलीनं मला नजरेनंच थांबवलं. मी बॅग उचलली आणि बाहेर गेले. रूपाली रडत नव्हती. म्हणाली, "चल, मला त्या माणसाला बघायचंय."

आम्ही स्कूटीवरून सरकारी दवाखान्यात गेलो. वॉर्ड गच्च भरलेला. सोपान खिडकीजवळच्या कॉटवर होता. तिशीचा असेल, बारीक अंगाचा. हात मनगटापर्यंत बँडेजमध्ये. आम्हाला बघून आधी घाबरलाच.

"तुमी कंपनीच्या?"

"पडद्याच्या कंपनीच्या," रूपाली म्हणाली. "म्हणजे कालपर्यंत."

तो लगेच सांगायला लागला, जणू पोलीस आले आहेत. "ताई, मी बटण दाबाया गेलो व्हतो. खरंच. पर सायेब म्हनत्यात, तू दाबलंच नाय. सगळेच तसं म्हनत्यात. आता मलाबी वाटाया लागलंय, माझंच ध्यान नसल. बायको बी म्हनली, तुझं ध्यान कुठं असतंय."

"ध्यान होतं तुमचं," रूपाली म्हणाली. "बटण कीबोर्डखाली झाकलं होतं, दादा. दिसणारच नव्हतं. कुणालाच दिसलं नसतं."

सोपाननं डोळे मिटले. मला वाटलं, दुखत असेल. मग त्याची छाती खाली बसली, खूप वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा कूस बदलून आमच्याकडे बघत होता.

"तुमाला कसं ठावं?" त्यानं डोळे उघडून विचारलं.

"मी तपासलं होतं. मशीन यायच्या आधीच."

"मंग सांगितलं नाय का कुनाला?"

"सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं."

"अन् मंग?"

रूपालीनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

"हसले," ती म्हणाली.

नर्स आली, सलाइन बघून गेली. सोपान बँडेजकडे बघत राहिला, मग रूपालीच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा बँडेजकडे. मग त्यानं हळूच पाय पोटाशी ओढून घेतले, कॉटवर जागा केली आणि डाव्या हातानं चादरीची सुरकुती सारखी केली.

"बसा, ताई," म्हणाला. "उभ्यानं किती येळ बोलायचं?"